बालीहून आल्यावर

पासपोर्टच्या मशीननं आईचा अंगठा
चार वेळा नाकारला.
चाळीस वर्षं तेंदूच्या पानावर घासून
रेघाच उरल्या नव्हत्या.
आई म्हणाली, छाट पडला बघ.
कारखान्यात मोडकी विडी बाजूला काढतात, ती छाट.
पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला
आणि माझी तीन वर्षांची भिशी
विमानात बसली.

आता विडी घरकुलात एप्रिल आहे, त्रेचाळीस अंश.
ओट्यावर बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्यात,
कात्री थांबत नाही, तोंडही नाही.
काय बघितलंस राजमणी, सांग की.

कडक भाकरी, म्हणते आई.
सहा महिने टिकणारी, डबाभर नेलेली,
दुसऱ्या दिवशी ओल्या पायपुसण्यासारखी लोळली.
हवाच तसली. मीठ रडतंय डबीत.
आणि शेंगा? नरसूबाई विचारते.
शेंगा हायत की. पण चटणी गुळात बुडवतात,
काडीला कोंबडी टोचून वर ओततात.
खाल्ली मी. वाईट नव्हती.
पोरीला बोलले नाही.

पोर इथंच बसली आहे, भिंतीला टेकून.

देवळं? देवळं घरापेक्षा जास्त.
बेट म्हणजे काय गं, चारी बाजूनं पाणी?
मग आपलं सिद्धेश्वराचं देऊळ पण तळ्यातच हाय की,
रिक्षानं जाता येतंय, असं कोपऱ्यातनं कुणीतरी.
सगळ्या हसतात. आईसुद्धा.

तिनं सांगितलं नाही ते मी सांगते.
खोलीमागं भाताची शेतं जिन्यासारखी उतरत होती,
पाणी एका पायरीवरून दुसरीवर,
रात्रंदिवस, राखण नाही, पाळी नाही.
पहिल्या रात्री ती दोनदा उठली,
अंधारात बाथरूमचे नळ चाचपले.
घट्ट होते. आवाज येतच होता.
नीळ्ळु, म्हणाली, कुणाचं तरी नीळ्ळु वाया चाललंय.
मी म्हटलं, अम्मा, शेतातलं आहे, झोप.
ती उशाशी बसून राहिली,
जणू कुणीतरी येऊन बंद करेल.

पहाटे अंगणात सुकर्ती नावाची म्हातारी
माडाच्या कोवळ्या पानाच्या पट्ट्या कापत होती.
कोपरे दुमडून, बांबूच्या सळीनं टाचून
तळहाताएवढी परडी,
तीत फुलं, भाताची चार शितं, एक बिस्कीट,
आणि उंबऱ्यावर ठेवून द्यायची.
दुपारपर्यंत कोंबड्या उधळतात. उद्या परत.
आई तिच्याशेजारी बसली ती बसलीच.
समुद्राची गाडी दोनदा हॉर्न वाजवून गेली.
एकीला मराठी नाही, तेलुगू नाही,
दुसरीला त्यांचं काहीच नाही.
आईच्या बोटांनी पानाचं तोंड
विडीसारखं मिटवलं, सवयीनं.
सुकर्तीनं ती परडी उचलली,
उलटीपालटी केली, टाके काढले,
आणि सावकाश पुन्हा दुमडून दाखवली.
चाळीस वर्षांत चेकरनं नुसती फेकली होती.

हजाराला किती मिळतात गं तिथं? नरसूबाई.
काही नाही.
मग कशाला करतात?
आई सुपातलं एक पान उचलते,
उजेडाला धरते, शिरा बघते,
खाली ठेवते.
आणि समुद्र?
होता की, म्हणते. मोठा होता.

पाच दिवसांनी पहाटे तीनला नळ आला.
गल्लीत मोटारी सुरू झाल्या, भांडी आपटली.
मी उठले तेव्हा आई मोरीत उभी होती.
बादली भरली होती,
काठावरून पाणी तिच्या पावलांवर,
तिथून फरशीवर, फरशीवरून उंबऱ्याकडे.
नळापर्यंत तिचा हात पोचत होता.
मी काही बोलले नाही.
शेजारून कुणीतरी ओरडलं,
कुणाचं वाया चाललंय गं?