दोन सूत

भाड्याचा माउंट दिवसाला बाराशे, वर डिपॉझिट,
आणि आमच्या सिनेमाचं एकूण बजेट
वडापावसकट साडेनऊ हजार.
म्हटलं, आपणच करू.

कुर्ल्याला पाइप रोडवर मुस्तकीम काचवाल्याकडून
काच उचलायचा रबरी पंजा आणला, दोन दिवसांच्या बोलीवर.
"अख्खी शोकेस धरतो हा," तो म्हणाला,
"तुमचा कॅमेरा म्हणजे त्याला माशी."
खरं होतं. फक्त शोकेस
कधी खड्ड्यातून जात नाही.

पंजाला शॉवरची दांडी,
दांडीला मेलेल्या टेबलफॅनची मान
(वळायची, पण डावीकडेच),
पाव इंची स्क्रू लोहार चाळीतला,
वॉशर म्हणून बाटलीचं झाकण, तापल्या खिळ्याने भोक पाडून.
आणि खाली टेकू द्यायला
जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी, आत दोन किलो मूग.
आई म्हणाली, "परत आण. मोजून दिलेत."

गाडी झारापकर काकांची.
नव्व्याण्णव सालची झेन, सीटवर अजून शोरूमचं प्लास्टिक.
अट एकच, चालवणार ते.
म्हणजे नवऱ्याचं काम करणारा नट घरी,
आणि चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
नवऱ्याच्या जागी, एका वाक्यासकट:
"तुला उतरायचं असेल तर सांग."
तालमीत ते त्यांनी असं म्हटलं, की जणू शर्वाणीला
खरंच मैत्री पार्कच्या स्टॉपवर उतरायचंय.

माउंट बघून म्हणाले,
"हे काय, गाडीला सलाइन लावलंय?"
मग चष्मा पुसला. दांडी धरून हलवली. कान लावला.
"खेळतंय. दोन सूत."
डिकीतून सायकलची ट्यूब काढली,
पट्टी कापली, सांध्यात दाबून बसवली
नऊ बोटांनी.
डावी करंगळी अठ्ठ्याऐंशी साली
मशीनमध्ये राहिली.

रविवार, पहाट, माहुलचा रस्ता.
कडेला टँकर झोपलेले, हवेला रिफायनरीचा वास.
मी मागच्या सीटखाली आडवी, मॉनिटर पोटावर.
शर्वाणी रडत होती, छान रडत होती,
समोर कुत्रं आलं, ब्रेक,
आणि काकांचा डावा हात
सगळं सोडून सरळ कॅमेऱ्यावर.

"कट. काका, पडत नाही तो."
"माहीत आहे. मीच घट्ट केलाय."

दुसरा टेक. स्पीडब्रेकर. हात.
तिसरा. खड्डा. हात.
चौथ्याला काहीच नव्हतं रस्त्यात,
काकांना वाटलं असेल, येईल.
पाचव्याआधी मी म्हटलं, हात मांडीखाली ठेवता का?
"आणि गिअर कोण टाकणार, तुमचे वडील?"
सहाव्याला शर्वाणीला हसू फुटलं,
हसताना पाण्याची बाटली मुगावर.

सात वाजता उजेड कडक झाला.
सामान काढलं.
एवढं सगळं होऊन पंजा
एक केसभर सरकला नव्हता.

मंगळवारी पिशवीच्या शिवणीतून मोड बाहेर आले.
आईने दोन्ही किलोंची उसळ केली, मजल्यावर वाटली,
वाडगा देताना प्रत्येकाला सांगितलं, सिनेमातली आहे.

रात्री एडिटला बसले.
पहिला टेक पुढे, मागे, पुन्हा पुढे.
शर्वाणीचा चेहरा, डोळ्यांत पाणी,
मग पडदाभर काळं काहीतरी.
फोकस हुकतो, चाचपडतो, सापडतो:
तळहात.
न निघणाऱ्या ग्रीसच्या रेषा,
चार बोटं, आणि पाचव्याच्या जागी
गुळगुळीत, चकाकणारी एक गाठ.
कडेला, धूसर, कुणीतरी रडतंय.
"तुला उतरायचं असेल तर सांग,"
हाताच्या मागून आवाज येतो,
आणि या वेळी
ते वाक्य बसस्टॉपचं वाटत नाही.

काकांना दाखवलं.
बराच वेळ बघत राहिले.
"मी सातही वेळा केलं हे?"
"सहा."
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"पुढच्या खेपेला बॉनेटवर लावणार असाल
तर आधी सांगा," म्हणाले.
"तिथवर हात नाही पुरणार."