आढळले नाही

बुटीबोरीच्या शेडमागे, जिथं सावलीसुद्धा
पत्र्याला टेकायला कचरते,
माझी तीन मशीनं दिवसरात्र हवा गिळतात.
बाहेर सेहेचाळीस. मे महिना.
ड्रायरच्या पडद्यावर दवबिंदू : उणे चाळीस.
नवा पोट्टा हसला, "काय भाऊ, नागपुरात बरफ?"
बरफ नाही रे. बरफ व्हायलाही पाणी लागतं.
या पाइपात तेवढंही उरत नाही.

माझे बाबा वर्धा रोडला पंक्चर काढायचे.
त्यांचा कॉम्प्रेसर तेल प्यायचा, तेल थुंकायचा,
पोळ्याला ते त्याला बैलाबरोबरीनं
पुसायचे, कुंकू लावायचे.
बाबांनी भाकर मोडून दिली
की तिच्यावर अंगठ्याचा काळा ठसा.
आम्ही तो खाल्ला. मोठे झालो.

इथं तेल म्हणजे गुन्हा.
गोळीवर लेप चढवणारी हवा,
उपड्या बाटलीत फुंकर घालणारी,
कुणाच्या शिरेत जायच्या थेंबाला
शेजारून घासून जाणारी –
तिला वास नको, ओल नको,
कुठून आली त्याची आठवण नको.

दर महिन्याला क्यूसीच्या निमगडे मॅडम
काचेची नळी तोडून नळाला लावतात.
त्या घड्याळ बघतात, मी त्यांच्या भुवया.
नळी पांढरीच राहते. त्या लिहितात :
तेल – आढळले नाही.
पंधरा वर्षांची माझी कमाई, दोन शब्द.

एका गुरुवारी नळी तपकिरली.
कणभर.
बॅच अडली, फोन वाजले,
मी तिन्ही मशीनं उघडली.
रोटर कोरडे, एकमेकांना न शिवता फिरणारे,
सोवळ्यातल्या दोन जावा जणू.
फिल्टर बदलले. शिव्या खाल्ल्या. पुन्हा तपकिरी.

चौथ्या दिवशी वर चढलो,
हवा ओढणाऱ्या जाळीपाशी उभा राहिलो
आणि शिंकलो.
खाली कँटीनच्या गोकुळाबाईंनी
उन्हाला कंटाळून शेगडी मागच्या भिंतीला नेली होती.
सावजी रश्श्याची फोडणी, दगडफूल, सुकं खोबरं,
धूर सरळ वर, माझ्या मशीनच्या तोंडात.
मशीन निर्दोष होती. फक्त श्वास घेत होती.

अहवालात लिहिलं : बाह्य स्रोत.
शेगडी हलली, जाळी चार मीटर उंच गेली.
"काहून जी," गोकुळाबाई म्हणाल्या,
"माह्या भाजीत का खोट हाय?"
काहीच नाही, म्हटलं. वाढा.

वाटीत तर्री, लाल, बोटभर जाड.
भाकर मोडली.
अंगठा कोरा, भाकर कोरी.
मी उगाच
पुन्हा एकदा दाबून पाहिला.