उशीर किती

डिसेंबरात सारेमा बेटावर
साडेतीनलाच अंधार पडतो.
संगीताच्या खोलीत सात टॅब्लेट, आठ मुलं,
आणि लोकरीच्या मोज्यांतल्या लेहटे बाई.
बूट सगळ्यांचे बाहेर, बर्फ गाळत.

पडद्यावर एक पोकळ अंडं:
पूर्ण स्वर, चार ठोके धरून ठेवायचा.
दांडी फुटली की तो अर्धा,
आतून काळा झाला की पाव,
शेपूट आलं की पावाचाही निम्मा.
मारेट म्हणते, म्हणजे वाढत जाईल तसा लहान होतो!
बाई हसतात. हे त्यांना वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

ठोक्यावर बोट पडलं की हिरवं वर्तुळ.
चुकलं की लाल, आणि खाली एक शब्द.
ऊकूच्या पडद्यावर:
उशीर. उशीर. उशीर.
उशीर.

ऊकूच्या कानामागे निळं यंत्र आहे,
भुंग्याएवढं.
टॅब्लेटमधला आवाज तारेविना थेट त्यात उतरतो.
बाईंनीच जोडून दिलं होतं सप्टेंबरात, हौसेनं.
तो रडत नाही.
जीभ दातांत धरून पुन्हा पहिल्यापासून दाबतो.
"जरा घाई कर, ऊकू."
तो घाई करतो, आणि मग सगळंच सांडतं.

रात्री चहा निवत ठेवून
बाई त्याच्या लाल खुणा बघत बसतात.
चुका अशा नसतात.
चुका इकडेतिकडे पडतात, वाटाण्यासारख्या.
ह्या तर दोरी धरून लावलेल्या बटाट्यांसारख्या,
प्रत्येक ठोक्यापासून तेवढ्याच अंतरावर.
इतकं नेमकं कुणी चुकतं का?

मुलगा वेळेवर होता.
आवाजच वाटेत रेंगाळत होता,
हवेतून कानात जाईपर्यंत.

सकाळी त्यांनी टॅब्लेट पालथा घातला,
त्याचा तळवा पियानोच्या लाकडावर ठेवला
आणि डाव्या हाताने खालचा एकच सूर
वाजवत राहिल्या.
दुसऱ्या हाताने तो बाकावर ठोका देऊ लागला.
लाकूड आणि बाक,
लाकूड आणि बाक,
मध्ये कागदही सरकला नसता.

"काल मी तुला घाई करायला सांगितलं,"
बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य
त्यांना जुळवता येईना.

ऊकूला मात्र दुसरंच हवं होतं.
"मग इतरांना ते माझ्याआधी ऐकू यायचं?"
हो.
"किती आधी?"

बाईंनी खडू घेतला.
मनात ठोका धरला, अंतर मोजलं,
आणि फळ्यावर काढला
एक काळा स्वर, दोन शेपट्यांचा:
पावाचाही पाव.

"एवढासाच?"
तो जवळ जाऊन बघत राहिला.

मधल्या सुट्टीत खिडकीच्या वाफेवर
कुणीतरी तोच काढलेला होता, बोटाने,
तिसरी शेपूट लावून,
आणि ती खोडून.