वारदान वजा जाता

माझा बाप चोपड्याच्या मार्केटात मापाडी होता.
कापसाचं गाठोडं काट्यावर चढलं की
आधी म्हणायचा, वारदान वजा कर,
ज्यात बांधलंय त्याचं वजन मालात धरायचं नसतं.
कडता मात्र तोही धरायचा, क्विंटलमागे किलो,
आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

मी मोजायला निघाले ते दारिद्र्य.
जळगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण,
दुपारी पुरी-भाजी, एक पॅड, एक बॉलपेन.
तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार.
बेरीज जितकी लहान
तितकं रेशन जवळ.
साहेबांनी फळ्यावर आडवी रेघ मारली:
ही भुकेची. चोवीसशे उष्मांक.
कुणाच्याही दारात हिची उंची तेवढीच.
मग बाजूला माणसांची रांग काढली,
कमाईप्रमाणे उंच होत गेलेली,
मधल्याला गोल केला
आणि त्याच्या कमरेपाशी दुसरी रेघ:
ही गावागणिक हलते.
आपल्या फॉर्मात नाही, म्हणाले,
आणि बाहीनंच पुसली.

अनेरकाठची वस्ती, तिसरा दिवस,
घर नंबर सत्तेचाळीस. सुपडाबाई झिंगा कोळी.
आधीची दोन जगली नाहीत म्हणून
हिला जन्मताच सुपात घालून
उकिरड्यापर्यंत नेऊन परत आणलेली.
नावाला गुण नव्हते.

जेवण किती वेळा?
दोनदा. दादरची भाकर, ठेचा,
चैतात एक वेळ कमी.
लिहिलं.
दोरीवर लुगडी तीन.
त्यातलं हिरवं शेजारणीचं, तिच्या दोरीला जागा नव्हती.
तीन काय, दोन काय, गुण एकच.
पंखा?
आढ्याला नुसता हुक. पंखा लेकीबरोबर यावलला गेला.
हुकाचं काय करायचं
हे पुस्तिकेत नव्हतं.
मी पंख्याचा एक गुण देऊन टाकला,
ऊन फार होतं, अजून एकवीस घरं होती.

तेवढ्यात पोरगं मागच्या दारानं पळालं,
कुठून तरी साखर आली,
कुठून तरी स्टीलचा पेला.
पेल्यावर कोरलेलं: विमल पुना धनगर यांजकडून.
मी ते वाचलं.
वाचताना तिनं मला पाहिलं.
चहा गोड होता, फारच गोड.

मग फॉर्मात नसलेलं विचारलं,
का विचारलं ठाऊक नाही:
तुम्ही गरीब आहात, असं वाटतं तुम्हाला?
ती पदरानं चूल पुसत होती. थांबली.
"कोनापेक्षा, बाई?"

जळगावची पुसलेली रेघ
शेणानं सारवलेल्या त्या भुईवरून सरकत
माझ्या चपलांपाशी आली.

भाचीचं लग्न याच गल्लीत होतं, चार घरं सोडून.
बँड तिनं दार लावून ऐकला.
"पोटले भाकर पुरस," म्हणाली,
"तोंड दखाडाले लुगडं नही."
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
शेऱ्याच्या चौकटीत दोनच आकडे मावत होते.

बेरीज सतरा.
तालुक्याची रेघ सोळाला.
एका हुकानं सुपडाबाई गरिबीतून बाहेर.
बाप मरून नऊ वर्षं झाली,
पण काट्याशेजारी उभा राहिल्यासारखा म्हणाला,
वारदान वजा कर.
मी हुक खोडला. सोळा लिहिलं, सही घेतली, अंगठा.
ते वारदान होतं की कडता,
अजून ठरत नाही.

परतीच्या एसटीत, दिवे लागल्यावर,
उरलेल्या एका कोऱ्या फॉर्मवर
मी स्वतःला भरलं.
पंखे दोन, कुकर, टीव्ही, साड्या चौदा.
एकोणचाळीस.
आणि मागच्या महिन्यात
वर्गमैत्रिणीच्या वास्तुशांतीला, धुळ्याला,
मी गेले नव्हते.
पोट बिघडलं, असं कळवलं होतं.