दुभाषा

तिमोरच्या डोंगरात, कॉफीच्या जुन्या गोदामात
भरायचा वर्ग. पोत्यांचा वास भिंतींत मुरलेला.
टेबलावर रबराची बाई,
कमरेपासून मांड्यांपर्यंत तेवढीच,
आणि क्युबाहून आलेली डॉक्टर न्युर्का,
खडू मोडेपर्यंत दाबून लिहिणारी.
बाकांवर अकरा जणी.
मध्ये मी.

ती स्पॅनिश बोले, मी त्याचं तेतुम करी.
तिच्याकडे दुखण्याला सात शब्द:
ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी.
आमच्याकडे एकच, मोरास.
आजार म्हणजेही मोरास.
मग मी कमरेवर हात ठेवून विव्हळायचो
आणि पोरी खिदळायच्या.

एकदा मात्र तीच अडली.
गरोदर बाईला काय म्हणता तुम्ही?
इसिन रुआ, मी म्हटलं. दोन देहांची.
तिने खडू खाली ठेवला.
वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

दुसऱ्या वर्षी ओलांदिना
माझ्याआधीच उत्तरं द्यायला लागली.
मोडकीतोडकी, पण थेट.
मी वाक्य जुळवेपर्यंत
दोघी पुढच्या पानावर.

वेनिलालेच्या वरच्या वस्तीत, मध्यरात्री,
पडद्याबाहेर मी कंदील धरून उभा.
शब्द येईल, उचलून पलीकडे नेईन.
आला नाही.
नुसतं डॉक्टरचं, पूहा! पूहा!
आणि तेवढा एकच शब्द
मी दोन वर्षांत कधी सांगितलाच नव्हता,
राहूनच गेला होता.
बऱ्याच वेळाने ओलांदिना बाहेर आली.
कंदील दे, म्हणाली. तू नको.

डॉक्टर जायच्या आधी तक्ता भरायचा होता.
प्रशिक्षित: अकरा. मीच लिहिलं.
त्यातल्या दोघी बदली घेऊन दिलीला.
एक आयर्लंडात, कोंबड्यांच्या कारखान्यात,
तिथून धाकट्याची फी पाठवते.
तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.
तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता,
आणि मीही आखला नाही.

मी परत शाळेत. तिसरीला व्याकरण.
गोदामात आता ओलांदिना शिकवते, तेतुममध्ये.
रबराची बाई बाजूला उसवली होती,
तिला टाके घातलेत, ऑपरेशनच्याच दोऱ्याने.
परवा खिडकीतून ऐकलं,
नव्या आठ जणी एका सुरात: पूहा, पूहा.

सुटल्यावर एकीला विचारलं,
कुठला गं हा शब्द?
कुठला म्हणजे? आमचाच, ती म्हणाली.
माझी आजीसुद्धा हेच म्हणायची.