मोजणी

मढच्या शेडमध्ये ब्रिजिट घोन्साल्विसने फॉर्म पुढे केला.
घर स्वतःचं की भाड्याचं, मजला कितवा,
आधी कुत्रा होता का, असल्यास त्याचं काय झालं.
सगळ्यात शेवटी : घरात माणसं किती.
मी तीन लिहिलं.
खोटं नव्हतं, पण पेन जरा अडखळलं.

"जोडी हाय," ब्रिजिट म्हणाली, "एकटा कोनाला देनार नाय."

चांदिवलीत एका अर्धवट टॉवरच्या तळाशी
सळयांना बांधलेले दोन अल्सेशियन.
बिल्डर बुडाला. सिक्युरिटी एजन्सीने गाशा गुंडाळला,
खुर्च्या नेल्या, टॉर्च नेले, शिट्ट्यासुद्धा मोजून नेल्या.
हे दोघे कुठल्याच यादीत नव्हते.
नवव्या दिवशी टँकरवाल्याने फोन केला म्हणून.

सुभेदार, वय सहा, डाव्या कानाला चीर.
मैना, वय दहाच्या पुढे, मागचे पाय कमरेतून ढिले.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगीत
लिफ्टमध्ये जनावर चालत नाही, असं कारखानिसांनी
लाल शाईत लिहून लावलंय. तेव्हा चादरीची झोळी केली.
एक टोक ह्यांच्या हातात, एक तन्मयच्या.
दुसऱ्या मजल्यापर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले :
"जरा वर धर." "हं." "वळण आलं."
मी मागून चपला घेऊन चढत होते.
गेल्या दिवाळीनंतर इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

ह्या जातीचं मूळ काम म्हणे मेंढ्या वळायचं.
सुभेदाराने उभ्या जन्मात मेंढी पाहिली नसणार,
देवनारच्या ट्रकांतून जाताना दिसल्या असतील तेवढ्याच.
पण रात्री साडेनऊ झाले की तो उठायचा.
हे आतल्या खोलीत बातम्यांसमोर,
तन्मय माळ्यावर कानाला हेडफोन लावून,
मी ओट्याशी, उद्याची भाजी निवडत.
तो प्रत्येकाशी जाऊन यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.
मग गुडघ्याच्या मागे ओलं नाक, आणि एक ढोसणी.
"अगं, हा मला ढकलतोय," हे ओरडले.
ढकलतच होता. माळ्याच्या शिडीखाली उभं राहून
बारीक आवाजात कण्हायचा, तन्मय उतरेपर्यंत.
आम्ही तिघं हॉलमध्ये आलो की
मैनेच्या पाठीला पाठ लावून धप्पकन आडवा.
कुत्र्याला झोप लागावी म्हणून
आम्ही एका खोलीत बसायला लागलो.
सुरुवातीला नुसते बसायचो.

मैना पितृपक्षात गेली,
परळच्या जनावरांच्या इस्पितळात, दुपारी.
झोळी रिकामी घडी करून आणली. तिची सतरंजी
काढायला कोणी धजलं नाही.

त्यानंतर त्याची मोजणी जुळेना.
आम्ही तिघं समोर बसलेलो, तरी उठायचा,
गॅलरीत जायचा, मोरीत डोकवायचा,
सतरंजी हुंगून परत दाराशी.
रात्री दोन वाजता नखांचा टकटक आवाज.
मी म्हटलं, "अरे, एवढेच आहोत रे."
त्याने माझ्याकडे पाहिलं, हिशेब चुकलेल्या
शिकाऊ कारकुनाकडे बघावं तसं.

एका गुरुवारी दार उघडं राहिलं नि तो निसटला.
जिन्यात मी धावले तर तो वर येत होता, सावकाश,
आणि त्याच्या पुढे, कठडा धरून,
एकेक पायरी ढोसलले जात,
गेटवरचे पाष्टेमामा. "ताई, हा ऐकत नाही हो."

सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. टोपी मांडीवर.
कानाची चीर बघून म्हणाले,
"हा चांदिवलीचा ना? मी त्याच एजन्सीत होतो,
पवईच्या साइटवर. चार महिन्यांचा पगार
अजून त्यांच्याकडेच आहे."
ह्यांनी टीव्ही बंद केला.
तन्मय न सांगता चहाचं आधण ठेवायला गेला.

सुभेदाराने एकदा सगळ्यांभोवती फेरी मारली,
मामांच्या बुटांवर हनुवटी टेकली
आणि लांब उसासा टाकला.

खाली गेटवर वीस मिनिटं कोणी नव्हतं.
कारखानिसांची गाडी हॉर्न वाजवत राहिली.
मामा उठायला लागले, पण बुटांवर ओझं होतं.