न्यूट्रलमध्ये

पळताना तिचं काही म्हणणं नसतं.
एरंडोल म्हण, तापीच्या पुलावरून चोपडा म्हण,
सत्त्याऐंशीची येझदी, धूर सोडत जाते बापडी.
थांबलं की मरते.

म्हणून अकरा वर्षं मी माणसांशी
मूठ पिळत बोललो.
हप्ता, वारस, सही इथे, येतो.
धरणगावात समज पसरला:
सैंदाणे एजंटला फार घाई असते.

दोधू मिस्त्रीनं प्लग काढला, हुंगला, परत लावला.
पायलट जेट उजेडाकडे धरलं:
केसाएवढं भोक,
पलीकडे मे महिन्याचं आभाळ, स्वच्छ.
हवेचा स्क्रू दीड आटा उघडला,
पाव आटा मागे घेतला.
मेली.
"कचरा नई शे भो. कथाईन तरी हवा लेस."

मग तिला मुठीवर जिवंत ठेवून
कार्बोरेटरच्या सांध्यावर दोन थेंब तेल सोडलं.
आवाज बदलला,
वारसाचं नाव विचारल्यावर
माणसाचा बदलतो तसा.

गॅस्केट नव्हतं. कपाशीच्या बियाण्याचं खोकं होतं.
त्याच्या पुठ्ठ्यातून कात्रीनं
तीन भोकांची चकती निघाली,
एका कडेला अर्धं बोंड छापलेली.
वीस रुपये घेतले.

फाटकाशी मालगाडी आडवी आली.
मी मूठ सोडली.
टुक्. टुक्. एक ठोका गिळून, टुक्.
डबे मोजत होतो, एकेचाळीस, बेचाळीस,
तोच शेजारी सायकल धरून उभे भिकन गुजर म्हणाले,
"आज टाइम शे वाटस?
सहा वरीसपासून एक इचारानं व्हतं."

हात सवयीनं मुठीकडे गेला.
ती चालूच होती.